न बघण्याची तालीम

१

सकाळी उठलं की रीटा कोस्कला आधी कॉफी लावायची आणि कॉफी गळेपर्यंत सिंकपाशी उभी राहून शेजारच्या घराकडे बघायची. शेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला गुंडाळायचा पडदा वर गेलेला दिसला, म्हणजे ओल्गा बोडनार उठली, जिवंत आहे, सगळं ठीक आहे. मग ती पहिला घोट घ्यायची.

हा करार रीटाचा नवरा आर्वो गेला त्या हिवाळ्यातला. ओल्गा ऐंशीला टेकलेली, रीटा साठीतली, दोघी एकट्या. ओल्गाने पडदा वर करायचा, रीटाने दिवा लावायचा, आणि दोघींनी एकमेकींकडे बघायचं. कॉर्बेट फॉल्समध्ये हिवाळ्यात दार उघडायचं तर आधी फावडं लागतं. तिथे एकट्या माणसांचे असे करार बऱ्याच घरांत होते, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे.

"पडदा खालीच दिसला तर किल्ली आहेच तुझ्याकडे," ओल्गा म्हणाली होती. "पण आधी दार वाजव हं. मी आंघोळीत असले तर उगाच दोघींना लाज."

कागदाची गिरणी बंद पडल्यापासून या गावात नवा माणूस यायचा तो एकतर रस्ता चुकून, नाहीतर जनगणनेला. त्यामुळे शरद ऋतूत सिनेमावाले आले तेव्हा गाव नुसतं हरखून गेलं. त्यांना ओसाड, थंड, एकसारख्या घरांची गल्ली हवी होती, आणि स्प्रूस स्ट्रीट त्यासाठी आयतीच होती. गल्लीतली सगळी दारं करडी रंगवायची, काम झालं की वसंतात पुन्हा होती तशी करून द्यायची, असं ठरलं. सगळ्यांनी होकार दिला. ओल्गाने दिला नाही.

तिचं दार निळं होतं. ते तिच्या नवऱ्याने रंगवलं होतं.

समजूत काढायला रीटालाच पाठवलं. ओल्गा पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडायच्या करंज्या, वळत होती. तिने मान वर केली नाही.

"पाहुणे आले म्हणून कोणी दाराचा रंग बदलतं का गं? त्यांना म्हणावं, आवडत नसेल तर बघू नका."

रीटाने तो निरोप जसाच्या तसा पोचवला. दिग्दर्शिका जोसलिन म्हणून एक कृश, सदा थंडीने काकडलेली बाई होती. ती एकदम हसली. "राहू दे निळं. तेच आपलं घर."

२

सिनेमा एका जुन्या कादंबरीवरून होता. रीटाने ती वाचनालयातून आणून अर्धीमुर्धी वाचली. पुढे वाचवेना. त्या कादंबरीतलं सरकार कोणाला मारत नाही, तुरुंगात टाकत नाही. ते फक्त एखादं घर वगळतं. वगळलं म्हणजे त्या घराकडे कोणी बघायचं नाही. घरातली माणसं घरातच राहतात, चूल पेटवतात, दाराशी येतात, हाका मारतात, आणि गल्ली त्यांच्यासमोरून चालत राहते. बस, एवढंच.

"त्या घरातल्या बाईचं पुढे काय होतं?" रीटाने ट्रेंटला विचारलं. ट्रेंट हा गर्दी सांभाळणारा सहायक, तोंडात कायम पेन धरलेला.

"पुस्तकात तिच्याबद्दल काही नाही," तो म्हणाला. "पुस्तक चालणाऱ्यांबद्दल आहे."

चालणारे म्हणजे स्प्रूस स्ट्रीटचेच लोक. करडे कोट घालून, पाव घ्यायला निघाल्यासारखं निळ्या दारावरून जायचं होतं. सोपं वाटतं, पण कोणाला जमेना. पलीकडचा आर्मां लेव्हेक तर त्या घरापाशी आला की घोड्याला झापड बांधावी तशी मान ताठ करायचा.

"आर्मां, तुझी मान अवघडली आहे का रे?" रीटा म्हणाली.

"मला सांगितलंय बघू नको म्हणून. मी बघत नाहीये!"

"बघत नाहीयेस हे दिसतंय ना पण! मोंट्रियालपर्यंत दिसतंय."

सगळे हसले. ट्रेंटने तोंडातला पेन काढला आणि म्हणाला, तुम्ही दाखवा बरं करून.

रीटाने करून दाखवलं. तिलाही नवल वाटलं, इतकं ते सहज आलं. ती म्हणाली, टाळायचं नाही. टाळलं की त्या जागेला महत्त्व येतं. घरात नवरा रुसून बसलाय आणि आपल्याला जेवण उरकायचंय, तेव्हा आपण कशी मीठदाणीकडून पावाकडे नजर नेतो आणि मधे तो बसलेला असतो? तसं करायचं. आर्मांच्या पायऱ्यांवरून नजर उचला, विजेच्या खांबावर ठेवा. मधे काही नाही. मधे घर नाहीच.

तीन-चार दिवस रीटाने गल्लीला हे शिकवलं. सकाळ-दुपार, पुढे-मागे. बायकांना म्हातारी आत आहे हे आठवून हसू यायचं, तर रीटा दटावायची. हळूहळू हसणं थांबलं. आर्मांसुद्धा शिकला. शेवटच्या तालमीला जोसलिन स्वतः बघायला आली आणि म्हणाली, "रीटा, इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?"

शाळेच्या उपाहारगृहात पोरांना सूप वाढत होते, असं रीटाच्या ओठांवर आलं होतं. ती बोलली नाही, पण घरी जाताना गाणं गुणगुणत गेली. ओल्गाच्या दारावरून गेली. वर बघून हात करायचा राहिला, हे तिच्या लक्षात आलं नाही.

३

चित्रीकरणाच्या दिवशी खरंच बर्फ भुरभुरत होतं. जोसलिनला पैसे टाकूनही असं मिळालं नसतं. सगळ्यांत पुढे रीटा होती. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर होता, हे तिला आदल्या रात्रीच सांगितलेलं.

सगळी गल्ली चिडीचूप. चालायला लागले. बुटांखाली बर्फ कुरकुरत होतं. निळं दार जवळ आलं आणि काचेवर टकटक झाली.

बोटातली अंगठी काचेवर आपटावी तसा आवाज. आधी भराभर, मग थांबून, मग पुन्हा भराभर.

रीटाला पहिल्यांदा वाटलं, ही बाई चळली. मग वाटलं, ट्रेंट आता 'थांबा' म्हणेल. तो म्हणाला नाही. मग वाटलं, आवाजवाले नंतर काढून टाकतील. तिच्यामागे पंचवीस-तीस बुटांचे जोड चालत होते, त्यातला एकही अडखळला नाही. तिची नजर आर्मांच्या पायऱ्यांवरून उठली आणि अलगद खांबावर जाऊन टेकली. मधे काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला फार बरं वाटलं. आपली मान वळली नाही, याचा तिला अभिमान वाटला.

'कट' झालं. मग टाळ्या पडल्या. जोसलिनचे डोळे भरून आले होते.

"आवाज ऐकलात ना सगळ्यांनी? आणि एकाने बघितलं नाही. एकानेही! रीटा, हे तुमचं काम आहे." तिने रीटाचे दोन्ही हात धरले. "पुन्हा एकदा करू."

पुन्हा केलं. पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी रीटा दाराशी पोचली की टकटक व्हायची.

जेवणाच्या सुट्टीत राजमा-खिम्याची गरम चिली आणि मक्याचा पाव होता. रीटाने ट्रेंटला विचारलं, "सकाळी वाजवत कोण होतं?"

"म्हणजे? मला वाटलं, तुम्हीच सांगून ठेवलंत त्यांना."

जेवून झाल्यावर जाऊन येऊ, असं तिने ठरवलं. पण जेवण झाल्यावर तिचा चेहरा जवळून घ्यायचा होता. काम संपेपर्यंत पाय गोठले होते. शिवाय जाऊन म्हणायचं काय? तू हाक मारत होतीस आणि मला ऐकू येत होतं, असं? उद्या जाऊ, ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी निघालं.

४

सिनेमावाले गेले. करडी दारं तशीच राहिली, वसंतापर्यंत. गल्लीत पुन्हा शांतता आली आणि बर्फ मनावर घेऊन पडायला लागलं.

एका सकाळी रीटाची अर्धी कॉफी पिऊन झाली होती, तेव्हा तिच्या डोक्यात आलं: पडदा वर होता का?

आठवेना. आज बघितलाच नव्हता. काल? कालचंही आठवेना. तिने स्वतःला बावळट म्हटलं, कप ठेवला आणि खिडकीकडे वळली. समोर आर्मांच्या पायऱ्या होत्या. मग विजेचा खांब होता.

ती हसली. पुन्हा वळली. पायऱ्या, खांब. मधे कुठेतरी पांढुरकं काहीतरी होतं, आकाश असेल, बर्फ असेल, भिंत असेल. नजर तिथे ठरतच नव्हती, ओल्या साबणावरून बोट निसटावं तशी निसटत होती. मान अवघडली असेल. रात्री उशी बदलायला हवी. वयही झालंच की.

दुकानात आर्मां भेटला. "ओल्गा दिसली का रे इतक्यात?"

"दिसली असेल की," आर्मां म्हणाला. मग थोडा गोंधळला. "दिसते ना. कोणीतरी म्हणालं काल. गिसेल म्हणाली बहुतेक."

गल्लीतल्याच गिसेलला विचारलं, तर ती म्हणाली, आर्मांकडून कळलं. टपालवाली म्हणाली, माझ्याकडे त्या घरची पत्रंच नसतात हल्ली. बोलताना तिची नजर रीटाच्या एका कानावरून दुसऱ्या कानावर गेली.

बर्फ पडलं की आपल्या दारासमोरचं उपसताना शेजारच्याचंही उपसायचं, ही तिथली रीत. म्हाताऱ्या माणसाचं तर आधी. रीटा फावडं घेऊन निघायची, आपली वाट मोकळी करायची, आणि घरात येऊन बूट काढताना तिला कळायचं की आपण एवढंच करून आलो. अजून अर्धं राहिलं. मग पुन्हा बूट घालायचा कंटाळा यायचा. कंटाळा हा शब्द तिने स्वतःपुरता शोधला होता. खरं तर तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही लाज. इतके दिवस गेलो नाही, आता कोणत्या तोंडाने जायचं?

आणि कधीकधी, कॉफी गळत असताना, टकटक यायची. रीटा नळ सोडायची.

५

रस्त्यांवर बर्फ साचून गाडी चालेना, त्या दिवसांत हलीनाचा फोन आला. हलीना ओल्गाची मुलगी, सडबरीला राहायची.

"रीटा आंटी, आई कालपासून फोन उचलत नाहीये. मी निघणार होते, पण रस्ता बंद आहे म्हणतात. तुम्हाला पडदा दिसतो ना? वर आहे का?"

रीटा सिंकपाशीच उभी होती. तिने खांबाकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "वर आहे की."

"हुश्श!" हलीना म्हणाली. "मग फोनच बिघडला असेल. नाहीतर मी पोलिसांना कळवणार होते. आई म्हणते तुम्ही रागावलात तिच्यावर. 'पेरोगीची ताटली काचेला लावून दाखवली तरी रीटा बघत नाही,' म्हणते. मी म्हटलं, आई, रीटा आंटी असं करतील का? काहीतरी गैरसमज असेल."

"गैरसमजच," रीटा म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसली आणि बसूनच राहिली. 'वर आहे' हे इतक्या सहज कसं आलं तोंडातून? जायला हवं, तिला कळत होतं. दार वाजवायला हवं. दिवसभर तिला ते कळत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हलीनाचा फोन आला, तेव्हा तो न उचलता तिने किल्ली घेतली, आर्वोची लाल लोकरी टोपी कानांवर ओढली आणि बाहेर पडली.

फाटकापाशी तिने डोळे मिटून घेतले. उघड्या डोळ्यांनी पाय तिकडे वळत नव्हते. कुंपण हाताने चाचपत, मांडीइतक्या बर्फातून ती गेली. त्या वाटेवर कोणाचंच पाऊल पडलेलं नव्हतं. हाताला दार लागलं. तिने वाजवलं, सांगितलं होतं तसं. मग उघडलं.

"ओल्गा? मी आहे."

घर उबदार होतं. स्वयंपाकघरात आल्यावर तिने डोळे किलकिले केले. समोर उजेड होता. पडदा वर होता. पूर्ण वर, दोरी नीट गुंडाळून खिळ्याला अडकवलेली. ओट्यावर ताटली, तिच्यावर फडकं झाकलेलं. ती एक पाऊल पुढे सरली आणि तिच्या बुटाला काहीतरी लागलं. मऊ, पण न हलणारं.

खाली बघ, ती स्वतःला म्हणाली. आता तरी बघ.

तिची नजर ताटलीवरून उठली आणि खिडकीवर जाऊन टेकली.

बाहेर आर्मां बर्फ उपसत होता. रीटाने अंगठीच्या बोटाने काच वाजवली. आधी भराभर, मग थांबून, मग पुन्हा भराभर. आर्मांने फावडं रोवलं, पाठ सरळ केली आणि रस्त्याकडे बघितलं. गिसेल चालली होती, तिच्यामागे टपालवाली. रीटा काच वाजवत होती, ओरडत होती. त्यांच्या माना ताठ नव्हत्या. घाई नव्हती, राग नव्हता. नजर पायऱ्यांवरून उठत होती आणि अलगद खांबावर टेकत होती. इतकं बेमालूम, की त्यात शिकवलेलं काही दिसत नव्हतं.

शेवटी ती पळत बाहेर गेली आणि फाटकाबाहेर येऊन आर्मांची बाही ओढली.

"अगं रीटा!" तो दचकला. "कुठून उगवलीस तू?"

६

डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी सकाळी केव्हातरी गेली असावी. त्याच्याही आदल्या सकाळी पडदा वर केला असेल आणि तिथेच पडली असेल. थोडं आधी कोणी पोचलं असतं तर कदाचित. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. म्हणजे शरदापासून तोवरच्या सगळ्या सकाळी ती होती. पडदा वर करत होती. वाट बघत होती.

हलीनाने चर्चमध्ये रीटाला मिठी मारली. "तुम्ही म्हणालात पडदा वर आहे, आणि तो खरंच वर होता," ती म्हणाली. "तुम्ही स्वतःला दोष नका देऊ." रीटाने शवपेटीशेजारच्या फुलांकडे बघितलं, मग मेणबत्त्यांकडे.

पुढच्या शरदात सिनेमा तयार झाला आणि गावच्या युनियन हॉलमध्ये पहिल्यांदा दाखवला. दारं केव्हाच पूर्वीच्या रंगांची झाली होती. हलीना मुद्दाम आली. आईचं घर पडद्यावर बघायचंय म्हणाली, आणि रीटाच्या शेजारी बसली. खुर्च्या गच्च भरल्या होत्या, आर्मां पहिल्या रांगेत टाय लावून.

गल्लीचा प्रसंग आला. बर्फ भुरभुरत होतं. करडे कोट चालू लागले आणि सगळ्यांच्या पुढे रीटाचा चेहरा आला, खोलीएवढा मोठा, शांत, समाधानी. हॉलमध्ये कोणीतरी शिट्टी मारली.

मग टकटक झाली. त्यांनी ती काढली नव्हती.

आधी भराभर, मग थांबून, मग पुन्हा भराभर. रीटाने मांडीवरचा हात दुसऱ्या हाताने झाकला. अंगठी बोटात रुतली.

निळं दार आलं. दाराशेजारची खिडकी आली. पडदा वर होता आणि काचेमागे कोणीतरी उभं होतं, काच वाजवत, तोंड उघडून काहीतरी ओरडत. चेहरा काचेवरच्या वाफेत बुडाला होता. डोक्यावर लाल लोकरी टोपी होती.

शिट्ट्या थांबल्या होत्या. रीटाने हॉलभर नजर फिरवली. गल्लीतले सगळे जण पडद्याकडे तोंड करून बसले होते आणि सगळ्यांच्या नजरा डाव्या कडेवरून उजव्या कडेवर सरकत होत्या. त्यांना मधलं काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त हलीनाला. ती पुढे वाकली होती.

"आत कोण आहे?" ती कुजबुजली. "त्या दिवशी आई माझ्याकडे होती, सडबरीला. गोंगाट नको म्हणून मीच घेऊन गेले होते. घराला कुलूप होतं."

रीटा खुर्चीत मागे सरकली.

"आंटी, ती टोपी तुमची ना? मग यातल्या कुठल्या तुम्ही?"

पडद्यावर लाल टोपीतली बाई काचेवर दोन्ही तळवे मारत होती. तिच्यासमोरून करड्या कोटातली बाई सावकाश चालली होती.

सांगायला हवं होतं. तुझा फोन आला तेव्हा खिडकीतला पडदा मी बघितलाच नव्हता, हेही सांगायला हवं होतं. रीटाने मान वळवली. पडद्याच्या डाव्या कडेकडे बघितलं, मग उजव्या.

"ती," ती म्हणाली. "चालतेय ती."